बाप्तिस्म्यापूर्वीचे धर्मशिक्षण : तयार कोणाला म्हणायचे आणि कशावरून?

काळी माती (धागाकर्ता) :

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावी, प्रौढ वयात बाप्तिस्मा घेऊ इच्छिणाऱ्यांचा वर्ग मी गेली चौदा वर्षे घेत आहे. मी पाळक नाही. शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक आहे, आणि आमच्या पाळकसाहेबांकडे पाच गावांच्या मंडळ्या असल्यामुळे हे काम माझ्याकडे आले ते राहिलेच. पद्धत पूर्वीपासून चालत आलेली आहे. रविवारची उपासना आटोपली की तासभर वर्ग, हाताशी चाळीस प्रश्नोत्तरांची छापील पुस्तिका, सोबत प्रेषितांचा विश्वासांगीकार (विश्वासाच्या मुख्य गोष्टींचे ठरलेले कथन), दहा आज्ञा आणि प्रभूची प्रार्थना तोंडपाठ. सहा महिन्यांनी मंडळीच्या वडिलांसमोर (म्हणजे कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांसमोर) तोंडी परीक्षा, आणि तीत जे उतरतील त्यांचा बाप्तिस्मा.

गेल्या पावसाळ्यात वर्गाला एक मावशी येत होत्या. निंदण-वेचणीच्या मजुरीवर घर चालवणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या, अक्षरओळख नसलेल्या. सहा महिन्यांत त्यांचा एक रविवार चुकला नाही. परीक्षेच्या दिवशी विश्वासांगीकार म्हणताना त्या ‘पंतय पिलाता’ या नावापाशी अडखळल्या, पुन्हा पहिल्यापासून सुरू केले, पुन्हा तिथेच अडखळल्या. आज्ञांचा क्रमही चुकला. वडिलांनी माझ्याकडे पाहिले आणि मीच म्हणालो की यांना पुढच्या वर्षी घेऊ. त्या काही बोलल्या नाहीत; पदर सावरून मागे जाऊन बसल्या.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. वेचणीचा दिवस होता, बोटांना पऱ्हाटीच्या बोंडांचे ओरखडे होते. त्यांनी मला विचारले, “गुरुजी, त्या प्रार्थनेत ऋण सोडल्याचं म्हणतेत. माह्या जावेकडे माहे चार हजार हायेत, तीन वर्साचे. ते सोडा लागन काय?” मी शिक्षकी सवयीने समजावू लागलो की येथे ऋण म्हणजे अपराध असा अर्थ घ्यायचा आहे. त्यांनी मला मध्येच थांबवले. “तसं नका सांगू जी. ऋण म्हंजे ऋणच. मी तं सोडून देल्ले. पण मनातून जात नाहीत, म्हणून इचारलं.”

‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे’ हे वाक्य मी चौदा वर्षांत शेकडो वेळा पाठ करून घेतले असेल. ज्या गावात सोसायटीचे कर्ज, सावकाराचे व्याज आणि उसनवारी हेच बोलण्याचे विषय असतात, त्या गावात या वाक्याचा अर्थ काय होतो, हे मात्र मी एकदाही कोणाला विचारले नव्हते. ज्यांना मी नापास केले त्यांना ते कळले होते, आणि माझ्या पुस्तिकेतल्या चाळीस प्रश्नांत ज्याचे हे उत्तर ठरेल असा एकही प्रश्न नाही.

तेव्हापासून मनाला चैन नाही. जानेवारीत नवा वर्ग सुरू व्हायचा आहे. ज्यांनी हे काम केले आहे, किंवा स्वतः प्रौढ वयात हे शिक्षण घेतले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

मेळघाटी :

गुरुजी, मी कॅथलिक आहे आणि धारणी भागात सिस्टरांबरोबर धर्मशिक्षकाचे काम करतो. आमच्याकडील रचना तुमच्यापेक्षा वेगळी असल्यामुळे थोडी मांडतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये प्रौढांची दीक्षा पुन्हा प्राचीन पद्धतीने, टप्प्याटप्प्याने व्हावी असे ठरवले आणि १९७२ मध्ये तिचा विधी प्रसिद्ध झाला. पहिला काळ केवळ विचारपूस करण्याचा असतो; त्यात माणसावर कसलेही बंधन नसते. मग तो मंडळीसमोर उभा राहून इच्छा सांगतो, त्याच्या कपाळावर क्रूसाची खूण केली जाते आणि तो दीक्षार्थी होतो. येथून तो मंडळीचा मानला जातो, इतका की बाप्तिस्म्याआधी त्याला मरण आले तरी त्याचा अंत्यविधी चर्चमध्ये होतो. ईस्टरपूर्वीच्या प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या रविवारी बाप्तिस्म्यासाठी निवड, तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या रविवारी आत्मपरीक्षणाचे विधी, आणि ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या जागरणात बाप्तिस्मा. त्यानंतरही शिक्षण थांबत नाही. जे अनुभवले त्याचा अर्थ उलगडण्याचा काळ पुढे असतो.

आत्मपरीक्षणाच्या त्या तीन रविवारी योहानाच्या शुभवर्तमानातले तीन उतारे वाचतात : शोमरोनी स्त्री, जन्मांध मनुष्य आणि लाजारस. हे दिवस बहुधा मार्चमध्ये येतात. आमच्याकडे तेव्हा मोहफुले वेचायला पहाटे रानात जावे लागते आणि पाण्यासाठी बायांची पायपीट सुरू झालेली असते. विहीर खोल आहे आणि तुमच्याजवळ पोहराही नाही, असे ती शोमरोनी स्त्री येशूला म्हणते तेव्हा आमच्या बाया मान हलवतात. त्यांना ते वाक्य कोणी समजावून द्यावे लागत नाही. त्यानंतर मी फक्त एवढेच विचारतो की ती भर दुपारी एकटी पाण्याला का आली असेल. एकदा या एकाच प्रश्नावर दीड तास बोलणे झाले : गावात कोणत्या बाईशी कोणी बोलत नाही, कोणाला विहिरीवर थांबावे लागते, आणि आपण त्यात कुठे असतो. तो दीड तास मला वर्षभराच्या पाठांपेक्षा जास्त मोलाचा वाटतो.

तुमच्या मावशींना विधीच्या दृष्टीने पाहिले तर त्या निवडीच्या पायरीवर कधीच्या पोहोचल्या आहेत, असे माझे प्रामाणिक मत आहे.

जुनी पाने :

मूळ प्रश्न तयारीच्या मापाचा आहे, म्हणून पहिल्या काही शतकांतले माप काय होते ते सांगतो.

रोमच्या हिप्पोलितसच्या नावावर सांगितली जाणारी जी प्राचीन नियमावली आहे (तिच्या कर्तृत्वाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत), तीत शिकवणीचा काळ तीन वर्षांचा दिला आहे; पण लगेच पुढे असेही म्हटले आहे की कोणी तळमळीचा असेल तर काळ मोजू नये, आचरण पाहावे. बाप्तिस्म्यासाठी निवड करताना विचारायचे प्रश्न तर आपण सर्वांनी भिंतीवर लिहून ठेवावेत असे आहेत. शिकवणीच्या काळात हा माणूस नीट वागला का? त्याने विधवांचा मान राखला का? आजाऱ्यांना भेटायला गेला का? उत्तर उमेदवाराने द्यायचे नसून ज्यांनी त्याला आणले त्यांनी त्याच्याविषयी साक्ष द्यायची असते. शेतकरी आत्महत्यांनंतर मागे राहिलेल्या बायका ज्या जिल्ह्यांत गावोगावी आहेत, तेथे विधवांविषयीचा हा प्रश्न केवढा नेमका आहे, हे मी वेगळे सांगायला नको.

चौथ्या शतकाच्या अखेरीस एगेरिया नावाची एक यात्रेकरू स्त्री जेरुसलेमला गेली आणि तेथे जे पाहिले ते तिने लिहून ठेवले. बिशप मध्ये बसलेला असे, उमेदवार एकेक करून पुढे येत, आणि बिशप त्यांच्या शेजाऱ्यांना विचारत असे : हा नीट वागतो का, आईवडिलांचा मान राखतो का, दारुडा तर नाही ना, बढाईखोर तर नाही ना? दोष आढळला तर त्याला सांगत की सुधार आणि सुधारलास की ये. पुढे रोज तीन तास शिकवणी चाले. बिशप ग्रीकमध्ये बोलत असे आणि एक धर्मगुरू त्याचे सिरियाकमध्ये भाषांतर करीत असे, कारण सगळ्यांना ग्रीक कळत नव्हते. मेळघाटी यांना यातली अडचण आणि तिचे उत्तर दोन्ही ओळखीचे वाटेल.

आता पाठांतराविषयी. त्याच जेरुसलेममध्ये इ. स. ३५० च्या सुमारास सिरिल याने दिलेली बाप्तिस्मापूर्व प्रवचने आज उपलब्ध आहेत. विश्वासांगीकार कागदावर लिहू नका, पाठ करून हृदयावर कोरा, असे तो बजावतो. म्हणजे पाठांतराला मोल होते, पण ते ऐकून करायचे पाठांतर होते. पुस्तक हातात नसणे ही त्या काळी उणीव नव्हती, तोच नियम होता. मावशींची अडचण अक्षरओळखीची नसावी. आठवड्यातून एकदा, एका तासात, छापील वाक्याच्या लयीत त्यांना शिकवले गेले, ही ती अडचण असावी. जात्यावरच्या शेकडो ओव्या मुखोद्गत ठेवणाऱ्या बायांच्या प्रदेशात स्मरणशक्तीला दोष देण्याचे कारण नाही.

शेवटी ऑगस्टीन, उत्तर आफ्रिकेतला बिशप. इ. स. ४०० च्या सुमारास कार्थेजच्या एका डीकनने (धर्मगुरूंच्या हाताखालच्या सेवकाने) त्याच्याकडे तक्रार केली की नवख्यांना तेच ते शिकवताना मला कंटाळा येतो आणि माझे बोलणे मलाच फिके वाटते. ऑगस्टीनने त्याला सविस्तर उत्तर पाठवले. त्यात ऐकणारा उभा राहून थकला असेल तर त्याला बसायला द्यावे, अशी साधी सूचनाही आहे. हा माणूस स्वतः ३८७ च्या ईस्टरला मिलानमध्ये तेथील बिशप अम्ब्रोजच्या हातून बाप्तिस्मा घेऊन आलेला होता, म्हणजे समोर बसलेल्याचे हाल त्याला माहीत होते.

वाहते पाणी :

मी वेगळे मत मांडतो आणि ते तितक्याच कळकळीने मांडतो. नव्या करारातल्या प्रेषितांच्या कृत्यांत कोणाला तीन वर्षे थांबवले आहे? पेंटेकॉस्टच्या दिवशी तीन हजारांचा बाप्तिस्मा त्याच दिवशी झाला, कूशी षंढाने रथातून पाणी दिसताच “मला बाप्तिस्मा घेण्यास काय हरकत आहे?” असे विचारले, आणि फिलिप्पैच्या बंदिशाळेच्या नायकाचे सगळे घर त्याच रात्री बाप्तिस्मा घेऊन मोकळे झाले. आमच्या मंडळीत विश्वासाची साक्ष दिली की आम्ही महिनाभराच्या आत बाप्तिस्मा देतो. परीक्षा कोणी कोणाची घ्यायची? मावशींना रोखले गेले, याचे मूळ मला त्या वाट पाहायला लावण्यातच दिसते. शिकवणे पुढे आयुष्यभर आहेच.

जुनी पाने :

आपण दाखवलेली उदाहरणे खरी आहेत आणि त्यांतून प्रौढाला विनाकारण अडवू नये हेच निघते, हे मला मान्य आहे. परंतु पेंटेकॉस्टचे ते तीन हजार लहानपणापासून नियमशास्त्र आणि संदेष्टे ऐकत आलेले यहुदी होते, आणि तो कूशी अधिकारी रथात बसून यशया संदेष्ट्याचा ग्रंथच वाचत होता. त्याला बाप्तिस्मा देणाऱ्या फिलिप्पाला तेथून सुरुवात करता आली. आपल्या भागात माणूस येतो तेव्हा त्याच्या कानांवर यशया कधी पडलेला नसतो. दिदाखे या अतिप्राचीन शिकवणीतही जीवनाचा मार्ग आणि मरणाचा मार्ग सहा प्रकरणांत सांगून झाल्यावर मग “हे सगळे आधी सांगून बाप्तिस्मा द्या” असे येते. त्यात वाहत्या पाण्याला पसंती आहे. ते नसेल तर दुसरे पाणी, आणि तेही पुरेसे नसेल तर डोक्यावर तीनदा ओतावे, अशी सवलत आहे. एप्रिलमध्ये आपल्या नद्या आटलेल्या असतात तेव्हा ही सवलत मला फार समंजस वाटते. पाण्याबाबत इतकी मोकळीक देणारे शिकवण्याबाबत मात्र ती देत नाहीत.

तुरीचे शेत :

या चर्चेत एक गोष्ट अजून आलेली नाही म्हणून लिहिते. माझा बाप्तिस्मा एकतिसाव्या वर्षी झाला. वर्गाच्या वहीत नवऱ्याचे नाव होते आणि त्याखाली ‘कुटुंबासह’ असे लिहिलेले होते. मला वेगळे कोणी काही विचारले नाही. वर्गाच्या वेळी मी चर्चच्या मागे इतर बायांबरोबर स्वयंपाकाला असे, खिडकीतून कानावर पडेल तेवढे ऐके, आणि परीक्षेत माझी उत्तरे बऱ्याच वेळा नवऱ्यानेच दिली. मी आज विश्वासाने ख्रिस्ती आहे, पण तो विश्वास मला बाप्तिस्म्यानंतर सहा वर्षांनी, मुलीच्या आजारपणात, रुग्णालयात खाटेशी बसलेल्या एका परिचारिकेच्या सोबतीने आला. पाण्यात उतरले त्या दिवशी मी नवऱ्यामागे चालले होते, एवढेच.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. लक्ष्मीबाई त्यांच्यामागून तशाच पाण्यात उतरल्या नाहीत. त्या काही वर्षे दूर राहिल्या, झगडल्या, आणि पुढे स्वतःच्या मनाने, स्वतःच्या वेळी आल्या. इतक्या मोठ्या माणसाची बायको स्वतंत्र विचार करू शकते, तर आमच्या वर्गातल्या बायांनाही तेवढी मुभा असावी. गुरुजी, नव्या वर्गाच्या वहीत प्रत्येक नाव वेगळ्या ओळीवर लिहा, आणि प्रत्येक बाईशी तिच्या घरच्यांना बाजूला ठेवून एकदा तरी बोला. हे बोलणे एखाद्या बाईनेच करावे. वर्गाच्या दिवशीचा स्वयंपाकही पुरुषांकडे द्या, नाहीतर खिडकीतून ऐकण्याचे आमचे नशीब बदलणार नाही.

तहसील रोड :

मी सेतू केंद्रात दाखल्यांची कामे करतो, म्हणून व्यवहाराची बाजू सांगतो. १९५० च्या संविधान (अनुसूचित जाती) आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना, १९५६ पासून शिखांना आणि १९९० पासून बौद्धांना आहे. ख्रिस्ती झालेल्यास तो राहत नाही. अनुसूचित जमातीच्या आदेशात धर्माची अट नाही. म्हणजे एकाच वर्गात शेजारी बसलेल्या दोघांवर बाप्तिस्म्याचा परिणाम वेगवेगळा होऊ शकतो. मुलीचा वसतिगृहातला प्रवेश, शिष्यवृत्ती, राखीव जागेवर निवडून आलेले सदस्यपद, हे सगळे यात येते. दलित ख्रिस्ती बांधव या आदेशाविरुद्ध वर्षानुवर्षे दाद मागत आहेत आणि माझ्या मते त्यांची बाजू न्यायाची आहे. पण आज जो नियम आहे तो वर्गात पहिल्या महिन्यातच, स्पष्ट शब्दांत सांगायला हवा. माझ्या खिडकीशी असे लोक येतात ज्यांना ही गोष्ट बाप्तिस्म्यानंतर दोन वर्षांनी कळते. कोणी म्हणतात की आधी सांगितले तर लोक येणार नाहीत. जो ऐकून मागे फिरेल त्याने त्याच्या लेकरांचा विचार केला, आणि तो विचार करण्याचा त्याला हक्क आहे.

मेळघाटी :

वरील प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत आहे. आमच्या धर्मनियमसंहितेच्या ८६५ व्या नियमात प्रौढाने स्वतः इच्छा प्रकट केलेली असावी, श्रद्धेची सत्ये आणि ख्रिस्ती जीवनाची कर्तव्ये त्याला पुरेशी शिकवलेली असावीत, आणि दीक्षार्थी म्हणून त्याची पारख झालेली असावी, असे म्हटले आहे. किंमत लपवून मिळवलेल्या होकाराला मी इच्छा म्हणू शकत नाही. तुरीचे शेत ताई, तुमचा प्रतिसाद मी आमच्या सिस्टरांना वाचून दाखवला. पुढच्या महिन्यापासून कोरकू बायांशी एकट्याने बोलण्याचे काम एक कोरकू ताईच करतील, आणि ते कोरकूतच होईल.

पिंपळपान :

माझे आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दीक्षाभूमीवर होते. त्या दिवसाच्या बावीस प्रतिज्ञा आमच्या घरात लहान मुलांनाही अर्थासकट सांगतात, कारण काय सोडतो आणि काय धरतो हे स्वतःच्या तोंडाने म्हटल्याशिवाय धर्मांतर होत नाही, असे आम्ही मानतो. माझा धाकटा भाऊ दोन वर्षांपासून तुमच्यासारख्या एका वर्गाला जातो. आम्ही त्याला अडवलेले नाही. मला एवढेच विचारायचे आहे की या शिक्षणात, घरी परतल्यावर आम्हा मागे राहिलेल्यांशी त्याने कसे वागावे, याचा काही पाठ असतो का? गेल्या वर्षी तो आईबरोबर १४ ऑक्टोबरला नागपूरला आला नाही आणि का येत नाही हेही त्याने सांगितले नाही. आईला त्याच्या न येण्यापेक्षा न बोलण्याचे दुःख जास्त झाले.

काळी माती :

पिंपळपान दादा, तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर असे की माझ्या पुस्तिकेत तसा पाठ नाही, आणि तो असायला हवा होता. बाप्तिस्म्याच्या वेळी त्यागाचे प्रश्न आमच्याकडेही असतात : सैतान, त्याची कामे, पाप. त्या यादीत आई नाही. पेत्राच्या पहिल्या पत्रात, तुमच्या आशेविषयी कोणी विचारले तर उत्तर द्यायला तयार असा, पण ते सौम्यतेने द्या, असे सांगितले आहे. आपल्या भावाने आईला उत्तर देणे बाकी आहे, आणि ते त्याला शिकवणे आम्हा शिक्षकांकडे बाकी आहे. आपल्या आईला माझा नमस्कार सांगावा.

वाहते पाणी, तुम्ही म्हणता तशी घाई मला करवणार नाही, पण कोणालाही मोघम ‘पुढच्या वर्षी’ म्हणून परत पाठवायचे नाही, हे मी तुमच्याकडून घेतले आहे. थांबवायचेच असेल तर कशासाठी आणि कधीपर्यंत, हे सांगूनच थांबवायचे.

परवा वडिलांची बैठक झाली. एगेरियाचे शेजाऱ्यांना विचारलेले प्रश्न मी तेथे वाचून दाखवले. एका वडिलांनी विचारले की शेजारी आपल्या मंडळीचे नसतील तर? मी म्हणालो, मग तर आवर्जून विचारायचे. यावर बराच वेळ बोलणे झाले आणि शेवटी असे ठरले की तोंडी परीक्षेऐवजी दोन माणसे उमेदवाराविषयी बोलतील, त्यांतला एक मंडळीबाहेरचा शेजारी असेल. विश्वासांगीकार दर रविवारी सर्वांनी मिळून म्हणायचा, म्हणजे ज्याला वाचता येत नाही त्याला तो पन्नास वेळा ऐकायला मिळेल. सहा महिन्यांची मुदत काढली आहे, वर्ग पऱ्हाटी आणि तुरीच्या हंगामाकडे पाहून भरेल. नावे वेगवेगळ्या ओळींवर येतील, दाखल्यांचा नियम दुसऱ्याच रविवारी सांगितला जाईल. स्वयंपाकाच्या मुद्द्यावर मात्र अजून एकमत झालेले नाही. मी तो सोडणार नाही.

मावशींचा बाप्तिस्मा येत्या ईस्टरला आहे. काल संध्याकाळी हे सांगायला गेलो आणि परीक्षेच्या दिवशी माझी चूक झाली असे त्यांना म्हणालो. नव्या वर्गात प्रभूच्या प्रार्थनेचा तो ऋणाचा भाग त्यांनीच समजावून सांगावा, अशीही विनंती केली. त्या तूर सोलत होत्या. हातातली शेंग खाली ठेवून म्हणाल्या, “लोकायसमोर सांगन तं जावेले वाईट वाटन. पैसे सोडले म्हणता अन् गावभर सांगता काय जी?”

ही गोष्ट मी वर्गात सांगणार नाही. येथे गाव लिहिलेले नाही, आणि हा धागा वाचणाऱ्यांपैकी कोणी आमच्या भागातले असतील तर त्यांनीही अंदाज बांधू नये, अशी विनंती आहे.